घरी मोजलेलं बीपी : चढउतार खरा किती आणि मोजण्यातला किती?

वहीतले बीपीचे आकडे रोज वेगळे का येतात आणि त्या वेगळेपणावर किती विसंबायचं, या शंकेची पत्रं या वेळी निवडली आहेत. उत्तरांत जिथे ‘पॉइंट’ म्हटलंय तिथे मिलिमीटर पारा समजावं. वेगळं काही सांगितलं नसेल तर आकडा वरच्या बीपीचा आहे.

प्रश्न : मी रोज सकाळी उठल्यावर दोनदा बीपी मोजतो आणि दोन्हींची सरासरी वहीत लिहितो. पहिला दिवस सोडून पुढचे सात दिवस असे आले : १३४, १४१, १२८, १३७, १४६, १३१, १३५. मोबाइलमधलं अ‍ॅप ‘चढउतार ६.१’ असं दाखवतं आणि शेजारी पिवळा त्रिकोण. हा आकडा कितपत खरा मानायचा?
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : तुमच्या वहीतून दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्या सारख्या भरवशाच्या नाहीत. पहिली सरासरी. सात आकड्यांची बेरीज ९५२, भागिले ७, म्हणजे १३६. दुसरी गोष्ट चढउतार. अ‍ॅपने काढलंय ते प्रमाण विचलन. प्रत्येक आकडा १३६ पासून किती लांब आहे ते पाहायचं (−२, ५, −८, १, १०, −५, −१), त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची (२२०), तिला ६ ने (आकडे जितके, त्याहून एक कमी) भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर ६.१. अ‍ॅपचं गणित बरोबर आहे.

प्रश्न आहे तो सात दिवस पुरेसे आहेत का, हा. सात आकड्यांवरून काढलेली सरासरी १३६ असेल, तर खरी सरासरी साधारण १३० ते १४२ च्या आत असते, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. प्रमाण विचलनाचं तसं नाही. सात आकड्यांतून ६.१ आलं, तर खरा चढउतार ३.९ इतका थोडा किंवा १३.३ इतका मोठाही असू शकतो. म्हणजे खालच्या टोकाच्या तिपटीहून जास्त वरचं टोक. तीस दिवस मोजून पुन्हा ६.१ च आलं, तर ही मर्यादा ४.८ ते ८.१ अशी आवळते. सरासरी लवकर स्थिरावते, चढउताराला महिना लागतो. एका आठवड्याचा ६.१ आणि पुढच्या आठवड्याचा ८.४ पाहून ‘माझं बीपी जास्त हलायला लागलं’ असा निष्कर्ष काढू नका. तेवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

आता तुमच्याच वहीत एक बदल करून पाहा. १४६ लिहिताना आकडे उलटे पडले आणि १६४ झालं असं धरा. सरासरी १३६ वरून १३८.६ होते, अडीच पॉइंटांचाच फरक. प्रमाण विचलन मात्र ६.१ वरून १२ वर जातं, सरळ दुप्पट. लिहिण्यातली, बसण्यातली, पट्ट्यातली कुठलीही चूक सरासरीत विरघळून जाते, पण चढउतारात ठळक उभी राहते. घरी मोजलेल्या चढउताराच्या विश्वासार्हतेची सगळी मेख इथेच आहे.

मराठी घरांत ही चूक होते तरी कशी, तेही सांगायला हवं. आपल्याकडे एकम आधी आणि दशक नंतर बोलतात. आजोबा ‘एकशे सेहेचाळीस’ सांगतात आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी नात १६४ लिहून मोकळी होते. ‘एकशे एकोणपन्नास’ ऐकून १५९ लिहिणं तर मोठ्यांच्याही हातून होतं. म्हणून तोंडी सांगू नका. पडदा समोर धरून एकेक अंक बघत लिहा किंवा मशीनच्या मेमरीतून रात्री पडताळून घ्या. आणखी एक चाचणी : मशीन शेवटचा अंक शून्य ते नऊ सारख्याच वाटेने देतं. २४ नोंदींत ० किंवा ५ ने संपणारे आकडे पाचच्या आसपास असायला हवेत. बारा-चौदा असतील, तर लिहिणारा आकडे गोल करतोय.

अ‍ॅपला अजून एक प्रश्न विचारा : ६.१ हे फक्त सकाळच्या आकड्यांचं आहे, की सकाळ-संध्याकाळ एकत्र करून? समजा, सकाळची सरासरी १३६ आणि संध्याकाळची १२४ आहे आणि दोन्ही वेळचा रोजचा चढउतार ६ आहे. दोन्ही वेळांचे आकडे एका पोत्यात घातले की प्रमाण विचलन ८.५ दिसतं, प्रत्यक्षात काहीही न बिघडता. सकाळचा हिशोब सकाळपुरता, संध्याकाळचा संध्याकाळपुरता ठेवा. हाताने करायचं असेल, तर सोपा मार्ग असा : लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढा (७, १३, ९, ९, १५, ४) आणि त्यांची सरासरी घ्या. तुमची ९.५ येते. हा आकडा प्रमाण विचलनापेक्षा मोठा असतो, तेव्हा दोन्हींची एकमेकांशी तुलना करू नका.

पिवळ्या त्रिकोणाची चिंता नको. चढउतार अमुक आकड्याच्या पुढे गेला की औषध बदलायचं, अशी सर्वमान्य रेषा आज नाही. सरासरीला ती आहे : घरी मोजलेलं १३५/८५ किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेलं. (दवाखान्यात मोजताना हीच रेषा १४०/९० असते.) तुमची १३६ सरासरी डॉक्टरांना दाखवायला हवी, त्रिकोण नाही.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. एकापाठोपाठ तीनदा मोजलं की १५८, १४९, १४३ असे आकडे येतात. त्या म्हणतात, शेवटचा लिही, तोच खरा. आमच्या ह्यांचं म्हणणं, मशीनच बिघडलंय. कोणाचं धरू?
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : मशीन बिघडलेलं नसावं. पट्टा आवळला की पहिल्या वेळी बीपी थोडं चढतं, पुढे उतरतं. पण पंधरा पॉइंटांची उतरण म्हणजे मोजण्याआधीची विश्रांती पुरेशी झालेली नाही. पाच मिनिटं टेकून, न बोलता बसल्यावर मोजलंत, तर पहिला आणि दुसरा आकडा बराच जवळ येईल.

नियम साधा ठेवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. दोहोंत दहापेक्षा जास्त फरक आला, तरच तिसऱ्यांदा मोजायचं आणि शेवटच्या दोनांची सरासरी धरायची. तुमच्या उदाहरणात पहिल्या दोनांत नऊचाच फरक आहे, तेव्हा १५८ आणि १४९ यांची सरासरी, म्हणजे १५३.५. ‘चांगला येईपर्यंत मोज आणि तोच लिही’ ही सवय मोडा. एखाद्या दिवशी दोनदा मोजून थांबलात आणि दुसऱ्या दिवशी पाचदा मोजून सगळ्यात कमी आकडा लिहिलात, तर वहीत दिसणारा चढउतार सासूबाईंच्या बीपीचा नसून मोजणाऱ्याच्या चिकाटीचा असतो.

बसण्याची पद्धत बारकाईने पाहा. पुष्कळ ज्येष्ठ बायका जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बीपी मोजून घेतात. तिथे दंड हृदयाच्या खाली जातो. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल, तर नुसत्या रक्ताच्या वजनाने बीपी सात-आठ पॉइंट जास्त दिसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे मोजून दाखवलं. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवरच्या हाताने सुमारे ४ पॉइंट आणि बाजूला लोंबत्या हाताने साडेसहा पॉइंट जास्त आले. एक दिवस खुर्चीत आणि एक दिवस जमिनीवर मोजलं, तर हाच फरक ‘चढउतार’ म्हणून वहीत जाऊन बसतो.

तेव्हा पाठीला टेका असलेली खुर्ची घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असावेत आणि एकमेकांवर टाकू नयेत. हात जेवणाच्या टेबलावर ठेवा. टेबल बुटकं असेल, तर खाली घडी घातलेली चादर घ्या, म्हणजे पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध येईल. तळहात सैल आणि वर वळलेला. गुडघे दुखतात म्हणून सासूबाई पलंगावरच बसत असतील, तरी चालेल, पण मग रोज तिथेच, त्याच उशीवर हात ठेवून.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर आणि पट्ट्याखाली एक बोट सरकेल इतकाच घट्ट. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधला, तर बाहीच दंडाला आवळत राहते. अशा वेळी सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घालूनच मोजा.

दंडाचा घेर शिलाईच्या टेपने एकदा मोजा. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. पट्ट्यावर ते छापलेलं असतं. दंड ३४ चा असेल, तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि दुकानदार तो आपणहून सांगत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्याच २०२३ च्या अभ्यासात मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला, तर सरासरी ४.८ पॉइंट जास्त आले. अतिमोठा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधल्यावर साडेएकोणीस पॉइंट जास्त. इतक्या चुकीवर माणसाला उगाच आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते.

राहिली वेळ. उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. चहा-कॉफी किंवा तंबाखू झाली असेल, तर अर्धा तास थांबा. यात मशेरीही आली. सकाळी उठल्या उठल्या मशेरी लावायची सवय असेल, तर निकोटिन नेमकं मोजण्याच्या वेळीच अंगात भिनलेलं असतं. ही गोष्ट पुष्कळ घरांत डॉक्टरांपुढे बोलली जात नाही. न लाजता सांगा. मोजताना टीव्ही बंद ठेवा, आणि ‘किती झालं?’ हा प्रश्न पट्ट्यातली हवा पूर्ण उतरल्यावरच विचारा. बोलण्याने बीपी लगेच चढतं.

प्रश्न : रात्री दोनला जाग आली, डोकं जड वाटलं म्हणून मोजलं तर १८६/१०४. पुन्हा मोजलं तर १९२. घाबरून घरातली दुसऱ्याची गोळी जिभेखाली ठेवावी का, असं वाटलं. अशा वेळी काय करायचं?
— वाचक, अहिल्यानगर

उत्तर : दुसऱ्याची गोळी घेऊ नका. निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची पद्धत पूर्वी होती. तिने बीपी इतकं झपाट्याने कोसळू शकतं की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून ती सोडून देण्यात आली.

आधी लक्षणं तपासा. छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं, गोंधळल्यासारखं होणं, यांतलं काहीही असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा. यातलं काही नसेल, तर पट्टा सोडून ठेवा, दहा मिनिटं टेकून बसा आणि मग एकदाच मोजा. घाबरून दर मिनिटाला मोजलं की भीतीनेच आकडा चढा येऊ शकतो. १८०/१२० च्या वर कायम राहिलं, तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्रीचे हे आकडे वहीत लिहा, पण वेगळ्या पानावर. आठवड्याच्या सरासरीत आणि चढउतारात ते मिसळू नका.

प्रश्न : औषधाच्या दुकानातून घेतलेलं मशीन दवाखान्यातल्या मशीनपेक्षा ८ पॉइंट जास्त दाखवतं. मनगटावरचं किंवा घड्याळातलं घ्यावं का?
— वाचक, नाशिक

उत्तर : घरचं स्वयंचलित मशीन कानाने ऐकून मोजत नाही. पट्ट्यातली हवा उतरताना नाडीचे धक्के पट्ट्याला बसतात. ते सर्वांत मोठे जिथे होतात, तो मधला दाब मशीन पकडतं, आणि वरचं-खालचं बीपी त्या धक्क्यांच्या आकारावरून कंपनीच्या स्वतःच्या सूत्राने काढतं. प्रत्येक कंपनीचं सूत्र निराळं, म्हणून दोन चांगली मशीनंही तंतोतंत जुळत नाहीत. आंतरराष्ट्रीय चाचणीत मशीन पास होण्यासाठी पुष्कळ माणसांवरचा सरासरी फरक ५ च्या आत आणि त्या फरकांचं प्रमाण विचलन ८ च्या आत असावं लागतं. म्हणजे पास झालेलं मशीनही एखाद्याच्या दंडावर कायम सात-आठ पॉइंट जास्त दाखवू शकतं.

आता चढउताराच्या दृष्टीने पाहा. मशीन रोज नेमके ८ पॉइंट जास्त दाखवत असेल, तर सरासरी चुकेल, चढउतार मात्र जसाच्या तसा राहील. चढउतार बिघडवते ती कधी जास्त, कधी कमी अशी चूक. ती वर्गाने मिसळते, म्हणजे दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. खरा चढउतार ६ असेल आणि एका वेळच्या मोजणीत ५ ची अशी चूक असेल, तर वहीत ७.८ दिसतं. दोनदा मोजून सरासरी घेतली की ७ दिसतं. रोज दोनदा मोजायला सांगतात, त्याचं कारण हेच. आठवड्याच्या मध्ये मशीन बदलणं, उजव्याऐवजी डाव्या दंडावर मोजणं, लहान पट्टा काढून मोठा लावणं, यांनी कायमची चूकसुद्धा चढउतारात जाते.

दंडांचं एकदाच ठरवा. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्यावर जास्त येतं तोच पुढे ठेवा. फरक वारंवार १५ पेक्षा जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एखाद्या हाताची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते.

दवाखान्यात मशीन बरोबर न्या आणि एकाच दंडावर एक-एक मिनिट थांबत पाळीपाळीने मोजून घ्या : घरचं, घरचं, डॉक्टरांचं, घरचं, डॉक्टरांचं. फरक ५ च्या आत असेल, तर उत्तम. १० च्या पुढे असेल, तर मशीन बदला. सेल उतरले असतील, हवा भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल किंवा मशीन मध्येच पुन्हा हवा भरत असेल, तर आधी सेल बदला, नळीला चीर आहे का ते पाहा आणि पट्टा सैल तर नाही ना, तेही तपासा. नवीन घेताना मॉडेलचा नंबर ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावरच्या तपासलेल्या मशीनच्या यादीत शोधा. खोक्यावरचं ‘क्लिनिकली टेस्टेड’ पुरेसं नाही.

मनगटाचं मशीन दंडाला मोठा पट्टाही बसत नसेल तरच घ्या. ते छातीच्या उंचीवर धरावं लागतं आणि नेमकं तेच रोज हुकतं. घड्याळावरून बीपीचं निदान किंवा औषध ठरवू नये, असं युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितलंय.

प्रश्न : सकाळी १५० च्या वर, संध्याकाळी १२५. गोळी सकाळी नऊला घेतो. हा चढउतार धोक्याचा?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : रोज सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी येणं हा बेभरवशाचा चढउतार नाही. तो ठरावीक साचा आहे आणि त्याला कारण सापडू शकतं. सगळ्यात आधी गोळीचा पल्ला पाहा. सकाळी सातला मोजत असाल, तर तोवर आदल्या गोळीला बावीस तास होऊन गेलेले असतात. अम्लोडिपिन अंगातून निम्मं व्हायला ३० ते ५० तास घेतं, टेल्मिसार्टन सुमारे २४. पण कमी पल्ल्याची गोळी दिवसातून एकदाच घेत असाल, तर पहाटेपर्यंत तिचा जोर संपतो. संध्याकाळी दारू होत असेल, तर ती काही तास बीपी उतरवते आणि दुसऱ्या सकाळी चढवते, त्यामुळे नेमका असाच साचा दिसतो. रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, सर्दीसाठी नाक मोकळं करणारी गोळी, हीसुद्धा वहीत लिहा. ही औषधं बीपी वाढवतात आणि ‘ती काय, साधी गोळी’ म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जातात.

गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, म्हणजे २८ नोंदी करा, पहिल्या दिवसाच्या चार सोडा आणि उरलेल्या २४ घेऊन जा. सात दिवस जमत नसतील, तर किमान तीन दिवस, बारा नोंदी.

प्रश्न : वडिलांच्या मशीनवर दर वेळी हृदयाचं वेडंवाकडं चिन्ह येतं. आकडे १२० ते १६० असे कसेही. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे.
— वाचक, पुणे

उत्तर : या आजारात ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी-जास्त होतं. मशीनच्या हाती लागतात ते हवा उतरताना आलेले मोजके ठोके. कधी मोठे सापडतात, कधी लहान. तीनदा मोजून सरासरी घ्या. ती वापरता येते. त्या वहीतून काढलेला चढउतार मात्र बीपीबद्दल काही सांगत नाही, तो हिशोबातून सोडून द्या. दुसऱ्या कुणा घरात असं चिन्ह वारंवार येत असेल आणि निदान झालेलं नसेल, तर ईसीजी लगेच काढून घ्या. हा आजार वेळेत सापडला, तर पक्षाघात टाळायचं औषध देता येतं.

प्रश्न : जानेवारीत सरासरी १४० होती, मे महिन्यात ११२. उठताना घेरी येते. गोळी बंद करू का?
— वाचक, नागपूर

उत्तर : स्वतःहून नको, पण थांबूही नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. उन्हाळ्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी आणि मीठ जातं आणि सरासरी बीपी हिवाळ्यापेक्षा साधारण ५/३ पॉइंटांनी उतरतं. तुमचा फरक त्याच्या कितीतरी पुढे आहे. गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल, तर विदर्भाच्या मे महिन्यात असं होऊ शकतं. जाण्यापूर्वी एक तपासणी घरी करून घ्या : पाच मिनिटं पडून राहा आणि मोजा. मग कुणाला तरी शेजारी उभं करून उठा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचं २० किंवा खालचं १० ने पडलं, तर तो कागद डॉक्टरांना द्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर तेही सांगा. चढउतार पाहायचा असेल, तर जानेवारीचे आणि मेचे आकडे एकत्र मिसळू नका. एकाच ऋतूतले सलग आठवडे घ्या.

प्रश्न : चढउतार जास्त असला की पक्षाघात होतो, असं वाचलं. मग चढउतारासाठी वेगळं औषध आहे का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : यावर एक जुना आणि काळजीपूर्वक अभ्यास जपानच्या इवाते प्रांतातल्या ओहासामा गावचा आहे. तिथल्या लोकांनी रोज सकाळी एकदा, सुमारे चार आठवडे घरी बीपी मोजलं आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं गेलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात रोजचा चढउतार जास्त असलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी आणि पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. त्याच गावाच्या आकड्यांवर २०१३ मध्ये पुन्हा काम झालं तेव्हा दिसलं, की सरासरी माहीत असेल तर चढउताराने अंदाजात फारशी भर पडत नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवूनच विचार करायला हवा. वय वाढलं, रक्तवाहिन्या कडक झाल्या की सरासरीही चढते आणि बीपी सावरून धरणारी शरीराची यंत्रणाही सैल पडते. चढउतार हा बहुतेक वेळा त्या कडकपणाची खूण असतो.

ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चढउतार आणि पक्षाघात यांचा जो संबंध मांडला, तो दवाखान्यातल्या भेटी-भेटींमधल्या चढउताराबद्दल होता, घरच्या मोजणीबद्दल नाही. अम्लोडिपिन घेणाऱ्यांचा चढउतार अटेनोलोल घेणाऱ्यांपेक्षा कमी होता, हे त्यांनी दाखवलं. तरी चढउतारासाठी म्हणून वेगळी गोळी कोणी देत नाही. आधी सरासरी १३५/८५ च्या खाली आणायची, तीही लांब पल्ल्याच्या गोळीने.

आणि घरच्या वहीत दिसणाऱ्या मोठ्या उड्यांचं एक कारण औषधाच्या डब्यातच असतं : चुकलेली गोळी. लोसार्टनसारखी कमी पल्ल्याची गोळी एक दिवस राहिली, तर दुसऱ्या सकाळी आकडा चढलेला दिसतो. अटेनोलोल किंवा क्लोनिडिन एकदम थांबवलं, तर बीपी आधीपेक्षाही वर उसळू शकतं. म्हणून रोजच्या आकड्यांशेजारी एक जास्तीचा रकाना आखा आणि गोळी चुकली त्या दिवशी तिथे फुली मारा. उड्या फुलीच्या पाठोपाठच येत असतील, तर डॉक्टरांना ती फुली आवर्जून दाखवा. तिच्याशिवाय ते नुसत्या आकड्यांवरून डोस वाढवतील, आणि ज्या दिवशी सगळ्या गोळ्या वेळेवर घ्याल त्या दिवशी घेरी येईल.